चहाची हजेरी

आमच्या घरात दिवा लावायला कुणी जागचं उठत नाही. 'हॉलचा दिवा' एवढं म्हटलं की तो लागतो. एखाद्या दिवशी नाही लागला, तर माझा नवरा मुद्दाम उठतो, बटणापर्यंत चालत जातो, टक्क असा आवाज करून दिवा लावतो आणि माझ्याकडे बघतो. त्या बघण्याला मी आता सरावले आहे. पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमध्ये गीझर फोनवरून तापतो, पडदे सकाळी आपोआप सरकतात, आणि फरशी झाडायला एक गोल, चपटं यंत्र फिरतं. ते दिवाणाखाली जाऊन अडकतं, चपला ढकलत स्वयंपाकघरात नेतं आणि जमिनीवर कुठे वायर सापडली तर ती ओढत निघतं. हे सगळं माझं आहे. नवऱ्याचा त्यात काडीचाही वाटा नाही. तो म्हणतो, "आपल्या घरात माणसांपेक्षा वायफायची तब्येत जास्त जपतात."

म्हणू दे बापडा. मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. लाइनवरचे सेन्सर नीट चाललेत ना, हे बघणं माझं काम. कुठला पार्ट पुढे गेला, कुठला अडकला, हे तिथे उभं न राहता कळतं याची मला इतक्या वर्षांनीही गंमत वाटते. मग जे कंपनीत जमतं ते घरात का जमू नये? सासरी याला हौस म्हणतात. माझे वडील याला खाज म्हणतात.

वडिलांना मी पप्पा म्हणते. ते काळेवाडीत, स्वतः बांधलेल्या घरात राहतात. तरुणपणी गावाहून आले, पिंपरीच्या एका कंपनीत चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. मी एकुलती एक. आई गेल्यापासून ते एकटेच असतात, म्हणजे एका भिंतीपुरते एकटे. भिंतीपलीकडे काका राहतात. हे काका नात्यातले नव्हेत. पप्पा आणि ते एकाच कंपनीत, एकाच विभागात, एकाच शिफ्टला होते, आणि जागा घेतानाही दोघांनी शेजारी शेजारीच घेतली. संध्याकाळी दोघं सोबत विहारात वंदनेला जातात, सोबत परत येतात आणि येताना वाटेत हमखास भांडतात.

लहानपणी मला राजाराणीच्या गोष्टी फारशा कुणी सांगितल्या नाहीत. पंचिंग कार्डाच्या मात्र खूप ऐकल्या. गेटवर एक मशीन असायचं, त्यात आपलं कार्ड घातलं की आल्याची वेळ छापली जायची. पप्पांना उशीर झाला की काका दोन कार्डं पंच करायचे आणि काकांनी दांडी मारली की पप्पा. एकदा म्हणे काका सासुरवाडीला आमरस ओरपत बसले होते आणि इकडे कंपनीत त्यांची हजेरी भरलेली. हे ऐकून मी पोट धरून हसायचे. त्या गोष्टी नुसत्या हसण्यावारी न नेता लक्षात ठेवल्या असत्या, तर पुढचं सगळं वेळीच उमगलं असतं.

झालं असं की एका सकाळी पप्पांना मोरीत चक्कर आली. काकांना भिंतीपलीकडून बादली पडल्याचा आवाज आला, त्यांच्याकडे घराची किल्ली होती, म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा घोळ झाला होता, बाकी माणूस ठणठणीत आहे. पप्पा खरंच ठणठणीत होते. मी नव्हते. मला रोज सकाळी उठल्याबरोबर ती बादली पडल्याचा आवाज येऊ लागला, जो मी ऐकलाच नव्हता. शेवटी मी जाऊन सांगितलं, "पप्पा, आता पुरे. आमच्याकडे राहायला चला."

"कशाला? तिथं दिवा लावायचा तरी अर्ज करावा लागतोय."

"गंमत नकोय मला."

"गंमत न्हाई करत. माझं घर हाय हे. तुझ्या आईनं या भिंतींना पाणी मारलंय, दोन्ही टायमाला. पोटात तू होतीस."

पण मी त्यांचीच मुलगी. पप्पा पूर्वी युनियनच्या कमिटीत होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे करारालाच बसणं. आम्ही बसलो. मी कॅमेरा म्हटलं, ते म्हणाले, "मी काय चोर हाय का?" मी हातात बांधायचं घड्याळ म्हटलं, ते म्हणाले, "मी काय म्हैस हाय का, गळ्यात घंटा बांधायला?" शेवटी गाडी चहावर आली. पप्पा सकाळचा चहा विजेच्या शेगडीवर करतात. त्या शेगडीला मी वायफायवरचा एक प्लग लावायचा. शेगडी पेटली की माझ्या फोनवर निरोप येणार, 'शेगडी सुरू'. निरोप आला म्हणजे पप्पा उठले, चालले, चहा ठेवला, सगळं ठीक. आठपर्यंत निरोप नाही आला, तर मी तडक काळेवाडीला येणार.

"आणि एक जरी खाडा पडला, तर बॅग भरायची आणि आमच्याकडे यायचं. कायमचं," मी म्हटलं. "कबूल?"

पप्पांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. त्यांचं घर पणाला लागलं होतं आणि ते त्यांना पुरतं कळत होतं. "कबूल," ते म्हणाले. "पण खाडा मशीननं सांगितला पायजे. तुझ्या मनानं न्हाई."

साक्षीदार म्हणून काका हजर होतेच. त्यांनी प्लग हातात घेऊन उलटासुलटा केला. "म्हंजी पंचिंग मशीनच की राव," ते म्हणाले.

"अगदी बरोबर, काका!" मी खुशीत म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी प्लग लावण्यात गुंग होते.

निरोप येऊ लागले. मी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसायचे, मांडीवर फोन. तो थरथरला की 'शेगडी सुरू' वाचायचं, आणि मग कुठे माझा जीव भांड्यात पडायचा. सुरुवातीला एकदा शेगडी भल्या पहाटेच पेटली, तर मी लगेच फोन केला. झोप लागत नाही का, छातीत काही होतंय का, डॉक्टरकडे जाऊ या का, असं विचारून त्यांना भंडावून सोडलं. त्यानंतर शेगडी रोज सातच्या पुढेच पेटू लागली, पावसात, थंडीत, सणासुदीला, एकदाही इकडचं तिकडे नाही. मी नवऱ्याला ऐटीत म्हटलं, "बघ, पप्पा कसे शिस्तीत आले."

"माणूस इतका शिस्तीत नसतो," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

एकच गोष्ट मला कळत नव्हती. महिन्याचं सामान भरायला काळेवाडीला गेले की साखरेचा डबा रिकामा. एकटा माणूस एवढी साखर खातो कशी? मी पप्पांना डायबेटिसवर भाषण दिलं. "पाहुणे येतात," ते म्हणाले. कोण पाहुणे, विचारलं तर म्हणाले, "येतात कोण कोण." काका त्या वेळी दारात उभे होते, ते एकदम आपल्या घरी निघून गेले.

मग ती सकाळ आली. आमची बस चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकली होती. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे कंटेनर. फोन थरथरला. 'शेगडी सुरू.' मी समाधानानं मान वर केली आणि खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. टपरीपाशी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात चहाचा ग्लास घेऊन पप्पा उभे होते.

मी फोनकडे पाहिलं. फोन म्हणत होता पप्पा काळेवाडीत चहा करताहेत. मी परत बाहेर पाहिलं. पप्पा चाकणमध्ये चहा पीत होते. मला क्षणभर सेन्सर बिघडला असंच वाटलं, इतकी मी त्या नोकरीत मुरले आहे. मी नंबर लावला.

"पप्पा, काय करताय?"

"चहा ठिवलाय. का गं?"

"कुठे?"

"कुठं म्हंजी? शेगडीवर."

तेवढ्यात ट्रेलरवाल्यानं हॉर्न दाबला. तो मला एका कानानं फोनमधून ऐकू आला आणि दुसऱ्या कानानं खिडकीतून.

"हॉर्न कसला वाजतोय, पप्पा?"

"गल्लीत टेम्पो आलाय."

"पप्पा, समोर बसकडे बघा."

त्यांनी पाहिलं. मी ड्रायव्हरला दार उघडायला लावून खाली उतरले. मला राग आला की माझा आवाज चढतो आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे धड भांडताही येत नाही. मी काही बोलायच्या आत पप्पाच माझ्यावर खेकसले, "ड्यूटी सोडून खाली कशाला उतरलीस? बस जाईल की!"

हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्येष्ठांच्या बसपासवर पप्पा गेले कित्येक महिने भटकत होते. कधी आळंदीला जाऊन घाटावर बसायचे, कधी तळेगावला जाऊन यायचे. घरात बसलं की भिंती अंगावर येतात, म्हणाले. पहिली बस धरायची तर पहाटे निघावं लागे, आणि पहाटे शेगडी पेटवली तर माझी उलटतपासणी. म्हणून ते निघून जायचे आणि सातनंतर काका किल्लीनं दार उघडून त्यांच्या नावानं चहा ठेवायचे. हे पंचिंग कार्डच होतं, मशीन तेवढं नवं.

"पण चाकणला काय आहे बघण्यासारखं?" मी ओरडले. "ट्रॅफिक?"

उत्तर टपरीवाल्यानं दिलं. "बाबा येतात अधूनमधून, मॅडम. ती तुमची पांढरी बस वळली की जातात."

मला पटकन काही कळेना. पप्पा ओशाळून म्हणाले, "तुझी कंपनी काय आत सोडत न्हाई आमाला. म्हटलं, जातीस कशी ते तरी बघावं. खिडकीत असतीस तू. मान खाली, फोनमधी. वर बघतीस कवा?"

खाली मान घालून मी काय वाचत असते, ते मला त्यांना सांगवेना. इतके दिवस मी पप्पा ठीक आहेत का ते फोनमध्ये बघत होते, आणि पप्पा दहा पावलांवर उभे राहून मी ठीक आहे का ते बघत होते. माझा राग कुठे गेला कोण जाणे. बस पुढे सरकली होती, ड्रायव्हर हाका मारत होता. मी पप्पांच्या ग्लासातला उरलेला चहा एका घोटात पिऊन बसमागे पळाले.

पण संध्याकाळपर्यंत राग परत आला, आणि येताना भीतीला घेऊन आला. मी कंपनीतून थेट काळेवाडीला गेले. पप्पा आणि काका दोघंही आरोपीसारखे खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, "करार मोडलाय. बॅग भरा."

"मशीनमधी खाडा दाखव," पप्पा म्हणाले.

"तेच तर! मशीनमध्ये खाडा नाही!" माझा आवाज फाटला. "उद्या तुम्ही कुठे रस्त्यात पडलात, तर माझा फोन मला सांगत राहील की पप्पांनी चहा ठेवलाय. मी खुशाल कामाला लागेन. मला याची भीती वाटते, पप्पा. मी त्या निरोपावर जगते."

पप्पांचा चेहरा उतरला. युनियनचे सगळे डावपेच गळून पडले. ते उठले आणि खरंच माळ्यावरच्या बॅगेकडे बघू लागले. ते बघणं मला अजून आठवतं. मी जिंकत होते आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं.

तेव्हा काका बोलले. "पोरी, एक ऐक. हा रोज भायेर पडतो तवा मी दारात असतो. गोळी घेतली का इचारतो, स्टॉपपत्तुर संगं जातो. तो बसमधी चढला, की मग सात वाजल्यावर येऊन चहा ठिवतो. बसमधनं उतरला की त्यो मला फोन करतो. ज्याचा ठावठिकाणा म्हाईत न्हाई त्याचं कार्ड पंच करायचं न्हाई, हा आमचा कंपनीतला नेम. एक दिवस बी मोडला न्हाई."

"आणि ज्या दिवशी पप्पा बाहेर आलेच नसते?"

"तर मी चहा ठिवला असता व्हय? दार तोडलं असतं. मागं बादली कुणी ऐकली?"

खरंच, बादली कुणी ऐकली होती? मी खाटेवर बसले. एवढे दिवस ज्या निरोपावर मी विसंबले होते, त्याच्या टोकाला शेगडी नव्हतीच, काका होते. पप्पांना मी पिंपळे सौदागरला नेलं असतं तर अकराव्या मजल्यावर त्यांना गीझर मिळाला असता, पडदे मिळाले असते. स्टॉपपर्यंत सोबत येणारा माणूस कुठून आणला असता?

"आणि साखर?" मी विचारलं.

काकांनी घाबरून भिंतीकडे पाहिलं. पलीकडे काकू होत्या, आणि काकूंच्या घरात काकांना साखर बंद होती. "हळू बोल की," ते कुजबुजले. तेव्हा मात्र मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं, आणि पप्पा बॅगेपासून लांब झाले.

नवा करार झाला. पप्पांनी कुठेही जावं, मला सांगून जावं. काकांनी चहा ठेवावा, पण स्वतःच्या नावानं आणि बिनसाखरेचा. मी काकांचा नंबरही त्या प्लगला जोडून दिला, म्हणजे पप्पा घरी असतील तेव्हा त्यांच्या चहाचा निरोप काकांनाही जाईल. मला वाटलं संपलं, पण पप्पांचं कलम राहिलं होतं.

"आमच्या घरचा चहा तुला कळतो," ते म्हणाले. "तुमच्या घरचा आमाला कसा कळणार? एकाच बाजूनं हजेरी कशी?"

माझ्यासारखीला एवढं निमित्त पुरे होतं. मी आमच्या चहाच्या किटलीला तसाच प्लग लावला आणि पप्पांच्या स्वयंपाकघरात एक छोटा पिवळा दिवा. पिंपळे सौदागरला किटली सुरू झाली की काळेवाडीत दिवा लागणार. दिवा कुठे लावू, विचारलं तर पप्पांनी आईच्या फोटोशेजारची जागा दाखवली. "तिलाबी कळू दे," म्हणाले. "बाकी अटी त्याच ऱ्हातील. खाडा पडला की बॅग भरायची."

मी हसून कबूल म्हटलं.

त्यानंतर बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका शनिवारी आम्ही एका लग्नाहून उशिरा आलो, फोन सायलेंटवर तसेच राहिले आणि रविवारी मी गाढ झोपले. नवरा लवकर उठला होता. त्यानं किटली लावली, चहा घेतला आणि बाल्कनीत पेपर वाचत बसला. घरात कुणी काही बोलत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही की हॉलचा दिवा हाकेला ओ देत नाही, पडदे सरकलेले नाहीत आणि इंटरनेट गेलं आहे.

दार धडाधड वाजलं. बेलही वायफायवरची, ती कशी वाजणार? मी धडपडत उठून दार उघडलं. पप्पा उभे होते. ज्या माणसाला मी बिनइस्त्रीच्या शर्टात कधी पाहिलं नाही, त्यानं शर्टाची बटणं खालीवर लावली होती आणि पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. मागे काका, धापा टाकत.

पप्पांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत नवऱ्याला पाहिलं. मग ते चपलांसकट सोफ्यावर बसले. "दिवा लागला न्हाई," ते म्हणाले. "कितींदा फोन केला. दिवा लागला न्हाई."

त्यांचा चेहरा पाहून मला माझाच चेहरा कळला, रोज सकाळी बसमध्ये निरोप येईपर्यंत माझा जो असतो तो. मी त्यांच्याजवळ बसले, हात धरला. नवऱ्यानं मुकाट्यानं पाणी आणलं आणि येताना दिवाणाखालून आमचं झाडणारं यंत्र ओढून काढलं. त्याच्या ब्रशमध्ये राउटरची वायर गुंडाळली होती. ती त्यानं सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"बघा पप्पा, हे झालं," मी म्हटलं. "चहा झाला होता. निरोप तेवढा पोचला नाही."

पाणी पिऊन पप्पांचा रंग परत आला होता, आणि त्याबरोबर कमिटीतला माणूसही. "दिवा लागला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग खाडा. मशीननं सांगितलाय, माझ्या मनानं न्हाई. भरा बॅग. चला काळेवाडीला."

"पप्पा, उद्या ऑफिस आहे."

"चाकणची बस काळेवाडीवरनं बी जाती."

"रिक्षा थांबवलीय खाली," काका म्हणाले.

नवऱ्यानं वाद घातलाच नाही. तो कपाटातून बॅग काढून कपडे भरूही लागला. "पप्पा, तिकडे दिव्याला बटण असतं ना अजून?" त्यानं विचारलं. पप्पा खदखदून हसले. मीही माझे दोन ड्रेस आणि टूथब्रश टाकला आणि सवयीनं फोनचा चार्जर घ्यायला वळले.

पप्पांनी मनगट धरून मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे तो," ते म्हणाले. "आज समोरच असणार हायस की."